घोडा मागे

सोमवार, ४
सकाळी दहाला पोचलो. बुद्धिबळ क्लबच्या माडीवरची खोली झकास आहे. दोन खिडक्या, न डुगडुगणारं टेबल. पंच स्वतः जिन्यापर्यंत आले. बायकोला कळवलं, या खेपेला नाव काढूनच येतो. माझं ओपनिंग, म्हणजे डावाची सुरुवात, कुठल्या पुस्तकातून उचललेलं नाही; अठरा वर्षं घरी एकट्याने घडवलंय. सातव्या खेळीला घोडा मागे, मूळ घरात. आजवर कुणालाही दाखवलेलं नाही. स्पर्धा जिंकलो तर क्लबच्या पुस्तकात ते माझ्या नावाने छापतील.

मंगळवार, ५
पहिला डाव एका शिंप्याशी. घोडा मागे नेताच पंच हसून म्हणाले, काका, घोडा डबा विसरला वाटतं घरी. शिंपी हसला नाही. त्याने हत्तीपुढचं प्यादं एक घर सरकवलं. याला एवढंच एक अचूक उत्तर आहे. ते शोधायला मला चार वर्षं लागली, त्याला चार सेकंद. जिंकलो, पण कसाबसा. माझी टिपणांची वही कुणी चाळली? खोलीचं कुलूप बदललं.

बुधवार, ६
दुसरा डाव दातांच्या डॉक्टरशी. तेच प्यादं, तोच वेग. शिंप्याला ओळखतही नाही म्हणे! मी काय दुधखुळा आहे? जिंकलो. टिपणांची वही मोरीत जाळली.

गुरुवार, ७
आज एक मास्तरीणबाई. नियम असा, की खेळी आधी पटावर, मग कागदावर. बाईंच्या कागदावर माझ्या पुढच्या बारा खेळी आधीच लिहिलेल्या. पंचांना ओढून आणलं. त्यांनी दोघांचे कागद शेजारी धरले आणि हळूच विचारलं, काका, यांच्या कागदावर तुम्ही का लिहिलंत?
अक्षर माझंच होतं.

शुक्रवार, ८
शेवटचा डाव, क्लबच्या सेक्रेटरीशी. त्याच्या कागदावर माझ्या बावीस खेळी. पुढे कोरं. मात नाही, बरोबरी नाही. डाव संपत नाही — मीच संपतो.
पंच म्हणतात, कागद तर सकाळी तुम्हीच वाटलेत ना?

एकविसावी झाली. बाहेर बाकावर बसून लिहितोय. हार मानली तर सुटेन. पण मग ओपनिंग — नाही. बाविसावी वेगळी खेळतो. कागदावर हत्ती आहे. मी उंट खेळणार.

उंटच खेळलो. घड्याळ दाबलं. पटावर हत्ती.
पंच विचारतायत, काका, हात एवढा गार का —
ही रोजनिशी मांडीवर आहे. राजा आडवा केला की हार मानली, झालं. नाव नको मला. करतोय आडवा. बोटं राजापर्यंत