माझ्यामागे जॉयस्टिक, स्प्रिंगा आणि घर यांची व्यवस्था

मी, खाली सही करणार, जॉयस्टिक दुरुस्त करून पोट भरणारा, वय सत्तरीच्या पुढे, पूर्ण शुद्धीत आणि चष्मा लावून हे लिहीत आहे. माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही. करून बघितलेल्यांना विचारावे. डॉक्टरांनी माझ्या हृदयाबद्दल सांगायचे ते सांगितले आहे, म्हणून हे काम आत्ताच उरकतो. याआधीचे सगळे मसुदे रद्द समजावेत.

१. धंदा काय, ते आधी लिहितो, कारण वकीलसाहेबांनाही तो समजावून सांगावा लागला. हौशी लोक घरी लाकडी कपाट बांधतात आणि त्यात व्हिडिओ गेमचे यंत्र बसवतात, जुन्या गेमच्या दुकानांत असायचे तसे. विकतची जॉयस्टिक त्यांच्या हाताला बसत नाही. मी ती उघडतो, स्प्रिंग बदलतो, दांडा अडवणारी आतली चौकोनी चौकट काढून अष्टकोनी घालतो, वरचा गोळा पंजाच्या मापाचा लावतो. एवढ्यावर संसार झाला. सासरे मात्र शेवटपर्यंत "जावई इलेक्ट्रॉनिक्समध्ये आहेत" एवढेच सांगत राहिले.

२. सोल्डरिंगचे सामान, पकडी, कानशी आणि स्प्रिंगांचे सगळे डबे कपाटे बांधणाऱ्या सुताराला द्यावेत. अट एकच. दांड्याचे भोक पाडण्याआधी त्याने गिऱ्हाइकाला समोर उभे करून हाताची उंची घ्यावी. आजवर तो स्वतःच्या उंचीने पाडत आला, आणि तो ताडमाड आहे. खांदे गिऱ्हाइकांचे दुखले, बोलणी मी खाल्ली.

३. पार्ट्सच्या दुकानदाराने, मी पेनातल्या स्प्रिंगा घालतो, अशी आवई उठवली होती. त्याला पेनातली एक स्प्रिंग पाकिटात घालून पोचती करावी. ती जॉयस्टिकमध्ये बसवून त्याने खुशाल चालवून दाखवावी.

४. बँकेतली शिल्लक मुलगा आणि बायको यांना निम्मी निम्मी. गाडी मुलाला; तिचा आवाज येतो, तो तसाच येतो. मुलगा चांगला आहे. माझ्यामागे आईला आपल्याकडे न्यायचे आणि हे घर विकायचे, असे त्याने ठरवले आहे. तिच्यासाठी खोली तयार ठेवली आहे, पायऱ्या नाहीत, भिंतीला धरायला दांड्या लावल्या आहेत, आणि पाण्याचा पेलाही तिला उचलावा लागणार नाही, असे तो सांगतो. त्याच्या मनात काळेबेरे काही नाही.

५. पुढच्या खोलीतले दोघांनी खेळायचे गेमचे कपाट बायकोचे. माझ्या हातची प्रत्येक जॉयस्टिक आधी तिच्या हातून गेली. ती डोळे मिटून दांडा तिरका ढकलायची, आतली दोन बटणे एकदम वाजली तरच पास, नाहीतर "परत घ्या." मग तिला अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात कमजोर झाला. तिला त्रास नको म्हणून मी तिच्या बाजूची स्प्रिंग हलकी केली, मग आणखी हलकी, इतकी की बोट लावले तरी दांडा कलायचा. पण सोडला की तो मधोमध परत येईना. पडद्यावरचा माणूस आपला आपणच भिंतीकडे चालत राहिला. असले काम एखाद्या नवशिक्याने केले असते तर मी त्याला हाकलून दिले असते.

ते बघून ती म्हणाली, "हा माझ्याशिवायच चालतोय. मग मी कशाला हवी?"

त्याच दिवशी मी जुनी स्प्रिंग परत घातली. आता ती दोन्ही हातांनी खेळते, दमते, मला टाकून बोलते आणि हरते. मी मुद्दाम हरत नाही. तिला अशी चिडलेली बघून मला फार बरे वाटते, हे इथे लिहून ठेवतो. ही स्प्रिंग कोणीही हलकी करू नये.

६. घराविषयी. पहिल्या मसुद्यात वकीलसाहेबांनी बायकोला या घरात तहहयात राहण्याचा हक्क आणि तिच्यानंतर घर मुलाला, असे लिहिले होते. मला ते पसंत होते. तिला कोणी फसवू नये, एवढाच हेतू. तिने कागद वाचायला मागितला, डाव्या हाताने पेन्सिल धरली आणि ते कलम खोडले. रेघ वाकडी आली, पण कागद फाटेपर्यंत दाबून आली.

"घर देताय, की मला घरात राहू देताय?" तिने विचारले.

वकीलसाहेब म्हणाले की यात तिचेच हित आहे. तिने त्यांच्याकडे न बघता पेन्सिल माझ्यापुढे सरकवली.

म्हणून मी लिहून ठेवतो की हे घर, पुढच्या खोलीसकट, माझ्यामागे माझ्या पत्नीचे, पूर्ण मालकी हक्काने. ते तिने विकावे, भाड्याने द्यावे, कोणाला देऊन टाकावे. मुलाने किंवा इतर कोणी हरकत घेऊ नये. मुलाकडे जायचे असेल तर ती तसे सांगेल. तिने सांगेपर्यंत कोणी तिची बॅग भरू नये.

इथपर्यंतचा नवा कागद तिला वाचून दाखवला. मग मी सहज विचारले, माझ्यामागे घराचे काय करणार?

ती म्हणाली, "ते तुम्हाला कशाला सांगू?"

सबब त्याविषयी या कागदात काही लिहिलेले नाही.

सही: जॉयस्टिकवाला, स्वहस्ते
साक्षीदार १: शेजारचे दातांचे डॉक्टर
साक्षीदार २: कोपऱ्यावरचा छपाईवाला (दोघांनाही यातून काही मिळत नाही, हे त्यांना सांगितले आहे, तरी आले)
स्थळ: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: आजचा, वकीलसाहेबांच्या शिक्क्याखाली आहे तो