सातव्या टिपेची माफी

गोंदिया,
१४ मार्च १९५९

ती. पुरनलालमामांस भाचा जीवनलाल याचा... इथेच पेच पडला. आपल्यात मामाने भाच्याच्या पाया पडायची रीत. मी साष्टांग नमस्कार लिहावा तर रीत मोडते, आणि न लिहावा तर मी जे करून बसलो आहे त्यानंतर ते शोभत नाही. म्हणून या वेळेपुरती रीत बाजूला ठेवून दोन्ही हात जोडतो. मामीचे गुडघे, तुमचा खोकला आणि लाल गाईची नवी कालवड ठीक असावीत. (कालवडीची बातमी तुमच्या गावच्या मनिरामकडून कळली. तुमचं पत्र नाही, आणि का नाही तेही मला ठाऊक आहे.)

झालं ते सगळं आमच्या कॉलेजातल्या रचनेच्या तासामुळे झालं. या तासाला निबंध कसा लिहावा ते शिकवतात. मला वाटलं, यात शिकायचं काय? शाळेत मी 'गाय' या विषयावर चार पानं लिहिलेला माणूस. पण आमचे केशोराव सर नागपूरहून आलेले, चष्म्याच्या वरून पाहणारे. मी पहिला निबंध पाण्यावर लिहिला. "पाणी हेच शेतकऱ्याचे जीवन होय," या वाक्याखाली सरांनी लाल शाईने लिहिलं, "कोण म्हणतो?" पुढे, "आमच्या गावचे लोक फार समाधानी आहेत," याखालीही तेच. एका निबंधात चौदा वेळा "कोण म्हणतो?" असं वाचल्यावर माणसाला स्वतःच्या नावाचीसुद्धा खात्री राहत नाही. (दिवाळीत घरी आई म्हणाली, वांग्यात मीठ जास्त झालं. मी विचारलं, कोण म्हणतो? त्या दिवशी मला वांगं मिळालं नाही.)

सरांचं सांगणं असं की विद्वान माणूस मनचं काही लिहीत नाही. कोणी सांगितलं, कुठे, कधी आणि कशा रीतीने, हे सगळं पानाखाली टिपेत द्यायचं. मग मी ठरवलं की आता असा निबंध लिहायचा की लाल शाईला जागाच राहू नये. विषय घेतला 'आमच्या मामाच्या गावातील तलाव व पाण्याच्या पाळ्या'. दिवाळीच्या सुट्टीत तुमच्याकडे पंधरा दिवस राहिलो तेव्हा तुम्हाला वाटलं भाचा प्रेमाने आला आहे. प्रेम होतंच मामा, पण खिशात वहीही होती. निबंधाला अकरा टिपा झाल्या. पहिली चमेलीमामीची, "चुलीपुढे, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, कंटाळून." सातवी तुमची.

सातव्या टिपेत काय आहे ते आता अख्ख्या गावाला पाठ आहे, तरी माफी मागायची तर गुन्हा सांगायला हवा. अकरा वर्षांपूर्वी त्या कोरड्या सालात आपली पाळी नसताना तलावाचं तुडूम तुम्ही उघडलं आणि आपल्या धानाच्या बांधीत पाणी घेतलं. (तुडूम म्हणजे पाणी सोडायचं दार, हे सरांना फळ्यावर काढून दाखवावं लागलं.) ठपका आला पाळीप्रमाणे पाणी सोडणाऱ्या पाणकर दुधरामवर. पंचांनी त्याचं काम काढून घेतलं, पंचांत तुम्हीही होतात, आणि तो बायकोलेकरांना घेऊन नवेगाव-बांधच्या तलावावर मासे धरायला निघून गेला. हे तुम्ही मला धानाच्या बांधावर बसून सांगितलंत, घरचं माणूस म्हणून. आणि मी लिहिलं, "पुरनलालमामा, तोंडी, बांधावर, कार्तिक महिन्यात, हसत."

हा 'हसत' शब्द मला आता झोपू देत नाही. तुम्ही हसला होतात हे खरं, पण ते हसणं कसलं होतं ते लिहायला सरांनी शिकवलं नव्हतं.

निबंधाला पहिला नंबर मिळाला. मी आनंदाने वेडा होऊन तुम्हाला विचारलंही नाही आणि तो कॉलेजच्या वार्षिक अंकात छापून आला. मीच अंक तुमच्या गावच्या गुरुजींना पाठवला, माझ्या विद्वत्तेचा डंका वाजावा म्हणून. त्यांनी तो भर पारावर वाचून दाखवला, टिपांसकट. मनिराम सांगत होता की तुम्ही चहा अर्धा ठेवून उठलात आणि एवढंच बोललात, "भास्यानं नाक कापलन." त्यानंतर पंचांच्या बैठकीलाही तुम्ही गेला नाहीत म्हणे. लहानपणी ज्यांच्या खांद्यावर बसून मी दिवाळीनंतरच्या मंडईची जत्रा पाहिली त्यांना मी मान खाली घालायला लावली, याचं फार वाईट वाटतं मामा.

म्हणून परवा मी सरांकडे गेलो आणि सांगितलं की सातवी टीप मी मनाने रचली. सरांनी बराच वेळ चष्मा पुसला. ओरडले असते तर बरं झालं असतं. पहिला नंबर काढून घेतला, आणि "टीप क्रमांक सात निराधार आहे" असा सही-शिक्क्याचा कागद माझ्या हाती दिला. तो पारावर वाचला की तुमचं नाव धुऊन निघेल. कागद सोबत जोडला आहे. आता राग सोडा आणि दोन ओळी लिहा.

तुमचा,
जीवनलाल

ता. क. पत्र पाकिटात घालणार तोच दुधराम दारात उभा. नवेगावाहून छोट्या गाडीने आलेला, काखेत धडप्यात बांधलेला, कुणाकडून तरी मिळवलेला आमचा वार्षिक अंक. त्याला वाचता येत नाही. म्हणाला, "बाबू, माजा नाव कोठी हाय, बोट ठेवून दाखव." मी बोट ठेवलं. सगळं वाचून दाखवलं, 'हसत' तेवढं गाळलं. त्याने तुमच्याबद्दल दोनदा विचारलं, "भाऊनं खुद सांगतलन?" खोटं आहे म्हणायला मी तोंड उघडलं होतं मामा. निघालं ते "हो" एवढंच.

दुसरा ता. क. त्याचा समज असा झाला आहे की तुम्हीच त्याचं नाव मोकळं करायला हे भाच्याकडून छापून घेतलं. "आपखुशीनं इतका कोन कबूल करते?" असं म्हणून डोळे पुसत होता. मंगळवारी तो तुमचे आभार मानायला येणार आहे, वाळलेल्या शिंगाड्यांचं गाठोडं घेऊन. मी अडवू शकलो नाही. सरांचा कागद सोबत जोडला आहे असं वर लिहिलंय, पण तो मी काढून घेतला. हवा असेल तर कळवा, पाठवतो. तो आला म्हणजे त्याला ओसरीवर खाट टाका. तो खालीच बसेल, पण तुम्ही टाका.