विहिरीतला नीलम

४ मार्च १९५७, सोमवार
पाणी लागलं म्हणून काय झालं? विहीर काय नुसती पाण्यासाठी खणतात व्हय? यशोदा जाऊबाईला एवढंच सांगितलं. गप बसली. बसली न्हाई खरं तर, मीच ऐकायचं बंद केलं.
कपारीत खडा निघालाय. गर्द निळा, बारीक सुयांचा गोळा, पांढऱ्या चकाकत्या दगडावर बसलेला. नीलमच. अख्ख्या मोशी गावात असला कुणी बघितला नसंल. विहीर खणणाऱ्या सोनबानं वर आणून माझ्या हातावर ठेवला. "वैनी, जपून. मोडंल." मी विचारलं, खडा का मी? लाजला. पन्नाशीचा गडी. हे गेल्यापासून चेष्टा करायला दारात माणूसच नव्हतं.
ठरलं. काम बंद करायचं न्हाई.

मंगळवार
नीलम म्हणजे शनीचा खडा. लाभला तर राज्य, न्हाई तर सत्यानाश. म्हणून आधी उशाखाली ठेवून पारख करायची. सपान चांगलं पडलं तर ठेवायचा. ठेवला.

बुधवार, सकाळ
सपान न्हाई. भुगा. उशीच्या खोळीवर धुण्याची नीळ सांडल्यागत. गालालाबी लागली. जाऊबाई म्हणाली, शनी तोंडाला लागला. म्हणलं, कुणीतरी लागलं बाई.
हा खडा कच्चा असणार. पिकलेले आत. सोनबाला कपारीत अजून शिरायला सांगितलं.

गुरुवार
सोनबा म्हणतो, हा थरच भुसभुशीत हाय. निळं दिसलं की मागं पोकळ. पहार टेकवली तरी सुटतंय. त्याला पिंपरीच्या कंपनीत काम लागलंय, एक तारखेपास्नं शिफ्ट. आता विहीर बांधून घ्या म्हणाला. मी म्हणलं, भित्र्या माणसाला कंपनी घेते व्हय? उतरला.
दिवसभर पाण्यात काहीतरी पडत होतं. डुबुक, डुबुक. बेडकं असतील.

शुक्रवार
बेडकं न्हाईत.
काठाला भेग. बोट जातं. उन्हानं जमीन तडकायचीच. जाऊबाई म्हणाली, काल बोट जात नव्हतं. काल तिचं बोट जाड असंल.

शनिवार
शनीचा वार. आज पिकलेला खडा निघणार. सोनबा दोर धरून काठावर उभाच राहिला. "वैनी, खरंच पायजेत का हे? तुमी म्हणाल तर उतरतो."
पायजेत, म्हणलं.

सोमवार
शनिवारीच कपार ढासळली. सोनबा खाली असताना. गावानं दोर लावून वर काढला. पुण्याच्या दवाखान्यात गुडघ्याखाली पाय काढला. कंपनीचं काम गेलं.
विहिरीत नुसता राडा. पाणीबी गेलं. खडे अंगणात पडलेत, कोंबड्या चोच मारतात नि सोडून देतात. जाऊबाई आज उशीची खोळ धूत बसली. बोलली असती तर बरं झालं असतं.
नीलमचा असा चुरा होत न्हाई, हे मला ठाऊक होतं. मला खडे नकोच होते. काम संपलं असतं तर सोनबा यायचा थांबला असता.