मोत्यांच्या मुंडावळ्या

प्रिय तृप्ती,

हे पत्र तुझ्या हाती पडणार न्हाई, म्हणूनच मोकळेपणानं लिहून राह्यले.

मण्यांच्या माळा ओवायच्या, पर्स शिवायच्या, लोकर विणायची, हा माझा नाद तुला ठाऊक आहे. तुझे दादा अपघातात गेले तेव्हा त्या नादानंच मला सावरलं. लग्न ठरल्यावर तूच म्हणालीस, "वहिनी, मुंडावळ्या मला तुमच्याच हातच्या पाह्यजेत." मी पांढऱ्या मोत्यांत बारीक लाल मणी घालून त्या ओवल्या.

परतूरच्या मांडवात तुझ्या मावससासूनं विचारलं, "कोणी केल्या गं?" तू हौसेनं माझं नाव सांगितलंस. आपल्या आईंनी लगेच त्या तुझ्या कपाळावरून सोडल्या. "शुभकार्यात विधवेच्या हातचं कशाला?" म्हणाल्या आणि विकतच्या बांधल्या. आईंचा राग न्हाई मला, त्यांनाही कोणी तसंच शिकवलं असेल. पण तू मान खाली घातलीस. माझ्याकडं एकदाही पाह्यलं न्हाईस.

तेव्हापासून मी सुईला हात लावलेला न्हाई.

आणि काल तुझा फोन आला. दिवस गेलेत म्हणालीस. "वहिनी, बाळाला टोपरं अन् मोजे विणा ना. सासरी कोणी विचारलं तर दुकानातून आणलं म्हणेन."

मंग दुकानातूनच आण, असं म्हणायचं होतं मला. तोंडातून निघालं, "लोकर कोणत्या रंगाची घेऊ?"

तुझी,
शालू वहिनी