मेंढरांच्या पायाखालची धूळ

११ फेब्रुवारी, मंगळवार. इस्लामपूर

परत नाही जमलं! शिवतेजनं काढलेली मेंढरं एकीकडं, अंकितानं रंगवलेलं जतचं माळरान दुसरीकडं — दोन्ही एकत्र केली की मेंढरं चालतच नाहीत, तरंगतात. सावल्या टाकल्या, कडा मऊ केल्या. तेच! आमच्या पाच मिनिटांच्या ॲनिमेशन फिल्ममध्ये सगळं एकजीव करायचं, ते माझं काम. कंपोझिटिंग.

आण्णा स्क्रीनकडं बघत म्हणाले, "चित्रं त्या दोघांनी काढली. मग तू नेमकं काय करतीस गं?" बापाला काय सांगू? नीट झालं तर माझं काम दिसतच नाही! पण यंदा दाखवणार. पहिल्यांदाच पडद्यावर नाव येणार माझं.

१६ फेब्रुवारी, रविवार

धूळ! धूळच नव्हती!

अंकिताला घेऊन एसटीनं जतला गेले. मेंढरांमागं उठणारी धूळ मोबाईलवर घेत होते, तर मेंढरं वळणारे नाथाजीमामा म्हणतात, "धुळीचं शूटिंग कशाला गं पोरी? पोतं भरून देतो की, घरला न्हे!" लय हसलो. परत येईपर्यंत दात किरकिरत होते.

१९ फेब्रुवारी, बुधवार

बाहेर शिवजयंतीचे ढोल, आणि मला मेंढरांच्या गळ्यातल्या घंटेचा आवाज बसवायचाय. डोकं उठलंय नुसतं.

पण दोन शॉटमध्ये धूळ बसली. मेंढरं जमिनीवर आली! खोलीत एकटीच नाचले. आई म्हणाली, येड लागलंय हिला.

२४ फेब्रुवारी, सोमवार

शिवतेजशी कडाक्याचं भांडण. सांगलीच्या महोत्सवाला शुक्रवारपर्यंत फिल्म पाठवायचीय.

"धूळ घालायच्या आधीची कच्ची प्रत हाय की माझ्याकडं. तीच पाठवू. धूळ कोण बघतंय?"

"मी बघते!"

"तुझं कवा सपतच न्हाई, प्रियंका. आमी दोघांनी किती थांबायचं?"

फोन आपटला. त्याचंही खरंय. तीन महिने राबलाय बिचारा. पण तरंगणाऱ्या मेंढरांखाली माझं नाव नको. नकोच!

२७ फेब्रुवारी, गुरुवार

लॅपटॉप तापून बंद पडला. सुरू झाला तर वीज गेली. एकच शॉट राहिलाय. जेवण जात नाही, आईवर उगाच खेकसले.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

झाली!!! दुपारी शिवतेजला पाठवली, पुढं महोत्सवाला तोच पाठवणार. "मिळाली," एवढंच त्याचं उत्तर. राग गेलेला नाही वाटतं. जाऊ दे. मेंढरं काय चालतायत!

२१ मार्च, शुक्रवार

निवड झाली! आण्णा गल्लीभर सांगत सुटलेत.

५ एप्रिल, शनिवार. सांगली

पडद्यावर मेंढरं तरंगत होती. धूळ कुठंच नाही. शिवतेजनं भांडणाच्या दिवशीच कच्ची प्रत पाठवून टाकलेली — आज थेटरात, अंधारात, कानात सांगितलं त्यानं.

शेवटी नावं आली. कंपोझिटिंग, आणि पुढं माझं पूर्ण नाव. आण्णा उभे राहून टाळ्या वाजवत होते.