गोड माती

३ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पोटातल्या पाहुण्याला पाचवा महिना लागला. पोटात अधूनमधून पीळ पडतो, जेवण नकोसं वाटतं, पण डॉक्टरीणबाई म्हणतात पहिल्या खेपेला असं चालायचंच.

खरी बातमी वेगळीच आहे. ओढ्याकाठची माती संपत आली म्हणून मध्यंतरी खूप हिंडले, आणि बंद कारखान्यामागच्या उतारावर एक करडा थर हाती लागला. अगदी लोण्यासारखा. चाकावर नुसतं बोट दाखवलं की भांडं उभं राहतं. बाबांसारखी चिमूटभर जिभेवर ठेवून बघितली, गोड माती आहे. छकुलीसाठी त्याच मातीचा पेला पाठवते आहे. भावोजींना नमस्कार, छकुलीला पापा.

तुझी,
धाकटी


१४ जानेवारी

चि. मातीखाऊस,
अ. उ. आ.

लहानपणीचं नाव तू सार्थ केलंस. पेला पोचला. छकुली आता दुसऱ्या भांड्यात दूध घेत नाही. तिने विचारलं, मावशीची माती साखरेसारखी गोड असते का. मी सांगितलं, हा आपला घरचा शब्द; जी दाताखाली कचकच करत नाही तिला बाबा गोड म्हणायचे. बरोबर ना?

तुझे भावोजी विचारतात, त्या कारखान्यात काय व्हायचं? रंगाच्या कारखान्यात नोकरी करून त्यांना सगळ्याच कारखान्यांची उठाठेव. तेवढं कळव. आणि अशा अवस्थेत दरडी उकरत फिरू नकोस. नवरा काय नुसता बघत बसतो?

तुझी,
ताई


२३ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नवऱ्याला उगाच बोल लावू नकोस. टोपल्या तेच वाहून आणतात.

कचकच तर नाहीच, पण ही माती खरोखर गोड लागते गं. जिभेवर ठेवली की मागाहून साखर विरघळल्यासारखी. मला आता चटकच लागली आहे, चाखल्याशिवाय मळायलाच घेत नाही. भावोजींना सांग, तिथे गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या फोडायचे. झालं समाधान?

हल्ली चाकावर मनगट ढिलं पडतं. बाळाचं ओझं, दुसरं काय.

तुझी,
धाकटी


३१ जानेवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

आज थट्टा नाही. ती माती तोंडात घालू नकोस, तिला हातही लावू नकोस. हे पत्र वाचून होताच नवऱ्याला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे जा आणि रक्तात शिसं आहे का ते तपासायला सांग. मातीचं सगळं त्यांना सांग, लाजू नकोस.

तुझं पत्र वाचताना भावोजी मधेच थांबले. बॅटऱ्यांत शिसं असतं आणि ते मातीत मुरलं की तिला गोडी येऊ शकते, असं म्हणाले. पूर्वी त्यांच्या कारखान्यात शिशाचे रंग कालवणाऱ्यांची मनगटं अशीच लुळी पडायची. छकुलीचा पेला काढून घेतला आणि तिचं रक्त आजच तपासायला देऊन आलो. मला फार भीती वाटते आहे, ती तुझ्यापासून लपवून काय करू?

तुझी,
ताई


११ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

छकुलीचं रक्त चांगलं आल्याचा तुझा निरोप मिळाला. ऐकून मी खूप रडले.

माझं चांगलं नाही. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि मग खुर्ची माझ्याजवळ ओढून बसल्या, तेव्हाच मी समजले. माझ्यावर औषधोपचार होतील. बाळापर्यंत किती पोचलं, त्याच्या डोक्यावर काय परिणाम झाला, ते जन्मल्यावरच हळूहळू कळेल म्हणाल्या. ओढ्याच्या मातीने बाबांना जन्मभर कधी दगा दिला नाही, त्यामुळे मला शंकासुद्धा आली नाही गं.

काल बाळ पहिल्यांदा हललं. हे आनंदाने माझ्याकडे बघत होते, म्हणून मी हसले. पण ते खेळतं आहे की त्याला त्रास होतो आहे, हे मला कसं कळणार? यांना विचारावं तर हे मला धीर देतात आणि मग बाहेर जाऊन डोळे पुसून येतात.

पत्राखाली लोभ असावा असं लिहायची रीत असते. तुझा लोभ आहे, मला ठाऊक आहे. या वेळी तू ये.

तुझी,
धाकटी