कार्डावरचे रिकामे रकाने

४ मे १९८७, सोमवार

आजही टोचून आणलं नाही.

दवाखान्यात पाऊण तास बसलो. बन्सी माझ्या मांडीवर. आमचा नंबर पुकारला आणि मी उठून बाहेर आलो. बाना मागून आली. उन्हात रिक्षा मिळेना. ती बाळाच्या डोक्यावर पदर धरून उभी राहिली.

बन्सीला काल पाच महिने पूर्ण झाले. ट्रिपलचं पहिलं इंजेक्शन दीड महिन्याला द्यायचं असतं. कार्डावर जन्मानंतरची बीसीजी तेवढी भरलेली. खाली ट्रिपलचे तीन रकाने. तिन्ही कोरे.

५ मे

कारण गोदा. एकदा लिहून ठेवतो, म्हणजे रोज आठवावं लागणार नाही.

आमची थोरली, तेव्हा दीड वर्षाची. ट्रिपलचा बूस्टर सकाळी दिला. दिवेलागणीला अंग तापलं. तिला खांद्यावर घेऊन मी फेऱ्या मारत होतो. ती एकदम ताठ झाली. डोळे वर गेले. हातपाय झटके देऊ लागले. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिलो. तीन मिनिटं. पोरीकडे नाही — घड्याळाकडे.

मग ती रडली, आणि बानाने तिला माझ्या खांद्यावरून घेतलं.

आज गोदा पाच वर्षांची आहे. पेरूच्या झाडावर चढते. शेजाऱ्यांना वेडावून दाखवते. तिला काहीही झालेलं नाही. मला झालं आहे.

७ मे

डॉक्टरीणबाईंकडे एकटाच गेलो. त्यांचं म्हणणं : झटका तापाने आला. बहिणीला आला म्हणून भावाला टोचायचंच नाही, असं नसतं. ट्रिपल द्या, तापाचं औषध घरात ठेवा. फारच भीती वाटत असेल तर डबल आहे — पण डबलमध्ये डांग्या खोकल्याची लस नसते.

"काय ते ठरवून या. पण या! पाच महिने ठरवताय."

घरी येऊन बानाला सांगितलं. "ट्रिपल," ती म्हणाली. भाजी चिरता चिरता म्हणाली. मी म्हटलं, विचार करू.

"तुम्ही करा विचार. मी कुकर लावते."

१० मे, रविवार

गावाहून आबा आले. फुलंब्रीच्या पुढून, एस.टी.त उभ्यानं. पिशवीत कांदे आणि गोदासाठी मेंढीच्या गळ्यातली एक जुनी घंटी. गोदाने ती दिवसभर वाजवली. डोकं उठलं.

"काल मेंढरं टोचून घेतली," आबा म्हणाले. "पावसाच्या आधी सुई द्यावीच लागती. एकशे दहा! पार कंबर मोडली."

टोचून झालेल्या मेंढीच्या पाठीवर ते गेरूचा ठिपका देतात. पूर्वी तो मी द्यायचो. गोदाने विचारलं, ठिपका कशाला?

"मग कळावं कसं गं? समद्या सारख्याच दिसत्यात. मेंढरं काय कागद सांभाळत्यात व्हय?"

मग माझ्याकडे वळले. "बारक्याला टोचलं का, मास्तर?"

कॉलेजात शिकवतो तरी त्यांच्यासाठी मी मास्तरच. नाही म्हणालो. का, ते त्यांना ठाऊक आहे. मीच उलटं विचारलं, "टोचल्यावर मेली का कधी एखादी?"

"मेलं की. मागल्या साली एक कोकरू."

"मग यंदा?"

"यंदा दिसभर सावलीत बसवली. चालवली नाय." तंबाखू मळत राहिले. "आन् एका साली टोचलीच नाय. तू हॉस्टेलात व्हतास. निम्मा कळप गेला. तुला कळवलं नाय — परीक्षा व्हती तुझी."

वीस वर्षांनी कळलं. चहा करून आणला.

१२ मे

चौसष्ट उत्तरपत्रिका. एकाने लिहिलंय : 'नायकाला निर्णय घेता येत नाही, म्हणून तो विचार करतो.' सहापैकी पाच दिले.

१५ मे

शेजारच्या नानासाहेबांचा नातू खोकतो आहे. एकामागून एक, मध्ये श्वासाला जागा नाही. शेवटी लांब, आत ओढलेला आवाज आणि उलटी. डांग्या खोकला.

नानासाहेब सकाळी गाढविणीचं दूध विकणाऱ्याची वाट बघत फाटकात उभे होते. हातात चमचा. "हसू नका प्रोफेसर. वडलांनी मला हेच पाजलं होतं."

मी हसलो नव्हतो.

दोन घरांची भिंत एकच. बन्सीचा पाळणा त्या भिंतीला होता. पुढच्या खोलीत हलवला. बाना दारात उभी राहून बघत होती.

"तिथून पुढं कुठं हलवणार?"

१६ मे

बाना अखेर बोलली. हळू, मुलं झोपलेली म्हणून.

"टोचलं आणि काही झालं, तर ते तुम्ही केलं. न टोचता झालं, तर देवानं केलं. एवढाच हिशेब आहे तुमचा. तुम्हाला बाळ वाचवायचं नाही. तुम्हाला निर्दोष राहायचंय."

मी म्हटलं, "गोदा माझ्या हातात होती त्या वेळी."

"आणि मी कुठं होते? बाजारात?"

त्या वेळी ती माझ्यापासून दोन हातांवर होती. तिच्याकडेही मी बघितलं नव्हतं.

१७ मे, रविवार

तोडगा निघाला. खोकला सरेपर्यंत बाना आणि मुलं आबांकडे. ती शिकवते त्या शाळेला सुट्टी आहेच. मी उत्तरपत्रिकांसाठी इथं. बाना चटकन हो म्हणाली. फार चटकन.

तिने पिशवीत सगळ्यात वर बन्सीचं कार्ड ठेवलं होतं. ती पाणी भरायला आत गेली तेव्हा मी ते काढून घेतलं. स्टँडवर त्यांना गाडीत बसवलं, गोदाने खिडकीतून घंटी वाजवली, गाडी गेली.

कार्ड माझ्या खणात आहे. माझ्याशिवाय काही होऊ नये. — हे वाक्य खोडावंसं वाटतं. खोडत नाही.

२० मे

एकतीस उत्तरपत्रिका. भिंतीपलीकडे खोकला. किती वेळ चालतो ते मोजतो. पुन्हा घड्याळ!

२४ मे, रविवार

नानासाहेबांच्या नातवाला घाटीत, सरकारी इस्पितळात नेलं. ओठ निळे पडले होते. नानासाहेब अनवाणीच रिक्षात बसले. त्यांच्या चपला अजून फाटकाशी आहेत. उचलून आत ठेवाव्यात की नाही, यावरही मी थोडा वेळ थांबलो.

उचलल्या.

२६ मे

घाटीत जाऊन आलो. पोराला ऑक्सिजन लावलाय. नानासाहेब जिन्याच्या पायरीवर बसलेले. दाढी वाढलेली.

"आम्ही आज-उद्या, आज-उद्या करत राहिलो," म्हणाले. "सर्दी होती, मग लग्न होतं, मग ऊन फार होतं. तुमच्या बाळाला दिलीय ना लस?"

मी मान हलवली. होकारार्थी की नकारार्थी, ते त्यांना कळलं नसावं.

"बरं केलंत," ते म्हणाले.

२८ मे

ट्रिपल. ठरलं.

उद्या पहिल्या गाडीने निघतो. मुलांना घेऊन येतो. शनिवारी दवाखाना. तापाचं औषध आणून ठेवलं, कार्ड सदऱ्याच्या खिशात.

ठरवायला अर्धं मिनिटही लागलं नाही. मग पाच महिने मी काय करत होतो?

२९ मे, शुक्रवार

पोचलो. बन्सी लिंबाखाली झोळीत झोपलेला. उचलला. पाठीवर गेरूचा ठिपका, अर्धा पुसलेला. गोदा पळत आली, फ्रॉक वर करून पाठ दाखवली. तिच्याही.

बुधवारी गावात नर्सबाई आल्या होत्या. बन्सीला ट्रिपल, गोदाला पाचव्या वर्षीचं डबल. गोदाच्या झटक्याचं बानाने आधीच सांगितलं होतं. संध्याकाळी गोदाला थोडा ताप आला, उतरला. तोवर आबा तिला मांडीवर घेऊन बसले होते. त्यांच्या घरात घड्याळ नाही.

मी खिशातलं कार्ड काढलं.

"कागद तुझ्यापाशी व्हता," आबा म्हणाले. "मग खूण कुठं ठेवायची?"